फिडलवाल्याच्या मुलखांत

ध्वनिमुद्रिकेच्या मधोमध जो वाटोळा कागद चिकटविलेला असतो, त्यावर गाणाराचें नांव असतें, गीत रचणाराचें असतें, कंपनीचें तर ठळक अक्षरांत असतें; परंतु गाणाराचा श्वास सुटतांच त्याच्या दोन ओळींमधली रिकामी जागा ज्यानें आपल्या गजानें भरून काढली, त्याचें नांव तेथें बहुधा सांपडत नाहीं. चार माणसें बसून गाणें ऐकतात त्या घरांतहि 'वाहवा' जाते ती गळ्याकडे. गज कोणाच्या हातांत होता, हें विचारणारा श्रोता विरळा. अमेरिकेच्या प्रवासांत आम्हां उभयतांना पाहावयास मिळालें तें पुष्कळ. पण त्यांतील एका गोष्टीनें मनांत कायमचें घर केलें. त्या देशांत एक अख्खें शहर अशा निनांवी साथीदारांच्या कसबावर उभें आहे. त्यांच्यांतील एका फिडलवाल्याचा माग काढीत आम्ही हजारांवर मैल हिंडलों. त्या हिंडण्याची हकीकत वाचकांपुढें ठेवीत आहों.

नॅशव्हिल हें टेनेसी संस्थानचें राजधानीचें शहर कंबरलंड नदीच्या कांठीं वसलें आहे. तेथें आम्हीं प्रथम रायमन सभागृह पाहिलें. टॉमस रायमन नांवाच्या आगबोटींच्या मालकानें धर्मोपदेशकांच्या प्रवचनांसाठीं तें बांधविलें व १८९२ सालीं तें उघडलें. लाल विटांच्या भिंती, निमुळत्या खिडक्या, आणि आंत ख्रिस्ती प्रार्थनामंदिरांत असतात तशीं लांब लांकडी बांकें. पुढें १९४३ पासून १९७४ पर्यंत 'ग्रँड ओल ऑप्री' हा नभोवाणीचा कार्यक्रम येथून होत असे आणि दूरदूरच्या खेड्यांतील शेतकरी शनिवारच्या रात्रीं आपापल्या घरीं तो ऐकत बसत. प्रवचनाच्या मंडपांत गाण्याचा फड उभा राहिला, ही गोष्ट कीर्तनावर वाढलेल्या महाराष्ट्रीय मनुष्यास परकी वाटण्याजोगी नाहीं.

आमच्याबरोबर आमचा पुतण्या होता. टेक्सास संस्थानांतील डॅलस शहरीं तो संगणकाच्या नोकरींत आहे. मोटार तोच चालवीत होता. लहानपणीं पुण्यास त्यानें आठ वर्षें व्हायोलिनचें शिक्षण घेतलें होतें, आणि हात चांगला तयार झाला होता. आदल्या गणेशोत्सवांत तिकडील मराठी मंडळींच्या कार्यक्रमांत त्याला स्वतंत्र वादनाऐवजीं भावगीतांच्या साथीस बसण्याविषयीं सांगण्यांत आलें. तो बसला नाहीं, आणि त्या दिवसापासून त्यानें वाद्याची पेटीच उघडली नाहीं. "दुसऱ्याच्या मागें वाजवायला का मी शिकलों?" असें त्यानें आईस फोनवर विचारलें होतें. आम्ही निघालों तेव्हां वहिनी एवढेंच म्हणाल्या, "भावजी, त्याला जरा समजावा." तिशीच्या घरांतील मुलास समजाविण्याचें काम आमच्यानें होण्यासारखें नव्हतें. म्हणून आम्हीं त्यास उपदेश केला नाहीं. कोठें जावयाचें तेवढें मात्र आम्हीं ठरविलें.

नॅशव्हिलमध्यें 'म्युझिक रो' म्हणून एक पेठ आहे. १९५५ च्या सुमारास ब्रॅडली बंधूंनीं तेथें एका घराला जोडून अर्धगोल पत्र्याच्या छपराखालीं ध्वनिमुद्रणाची जागा केली, आणि १९५७ सालीं आर. सी. ए. कंपनीनें जवळच आपली वास्तु उठविली. ही दुसरी वास्तु 'स्टुडिओ बी' या नांवानें ओळखली जाते. तेथील धंद्याचें मुद्रण १९७७ सालीं थांबलें. आतां संग्रहालयाचे लोक प्रवाशांस गाडींत घालून तेथें नेतात व दाखवितात. बाहेरून पाहिलें तर गोदाम वाटावें अशी बिनखिडक्यांची इमारत. आंत एक मध्यम आकाराची खोली, एक जुना पियानो, आणि भिंतींना आवाज शोषून घेणारे तक्ते. एवढ्याशा खोलींतून बाहेर पडलेलीं गाणीं साऱ्या जगानें ऐकलीं, यावर प्रथम विश्वास बसत नाहीं.

तेथील कामाची पद्धत ऐकण्यासारखी आहे. मुद्रणाची एक बैठक तीन तासांची. सकाळीं दहा, दुपारीं दोन, सायंकाळीं सहा आणि रात्रीं दहा, अशा चार वेळा ठरलेल्या. एका बैठकींत तीन-चार गाणीं पुरीं करावयाचीं. साथीदार येतो तेव्हां त्यानें गाणें बहुधा ऐकलेलेंहि नसतें. एकदां कच्चें गाणें ऐकावयाचें, कागदावर कांहीं आंकडे लिहून घ्यावयाचे, आणि लगेच वाजवावयाचें. हे आंकडे म्हणजे या शहरानें लावलेला एक मोठा सोयीचा शोध आहे. 'जॉर्डनेअर्स' या गायकवृंदांतील नील मॅथ्यूज यानें तो १९५० नंतरच्या दशकाच्या अखेरीस प्रचारांत आणिला. सप्तकांतील स्वरांना एकपासून सातपर्यंत आंकडे द्यावयाचे, आणि त्या त्या स्वरावर उभ्या राहणाऱ्या स्वरमेळास तोच आंकडा लावावयाचा. मग गायिकेचा गळा आज बसलेला असला आणि काळी चारऐवजीं काळी दोनमध्यें गावें लागलें, तरी कागदावरचें एक अक्षरहि बदलावें लागत नाहीं. तिनें जेथें आपला सूर धरला तेथें 'एक'. आपल्याकडे षड्ज ज्याच्या त्याच्या गळ्याप्रमाणें सरकतो, हें तत्त्व ज्याच्या अंगवळणी पडलें आहे त्यास तें कोष्टक पांच मिनिटांत उमगतें. आमच्या पुतण्यास तें दोन मिनिटांत उमगलें, आणि त्या दिवशीं प्रथमच तो गाण्याविषयीं आपण होऊन बोलला.

येथें वाद्याविषयीं दोन शब्द सांगणें अवश्य आहे. फिडल हें व्हायोलिनहून कांहीं निराळें वाद्य असावें अशी पुष्कळांची समजूत असते. तसें नाहीं. आपल्याकडील जुन्या पिढीचीं माणसें व्हायोलिनला सर्रास 'फिडल'च म्हणत, आणि तें चूक नव्हतें. लांकूड तेंच, चार तारा त्याच, गजहि तोच. फरक वाजविणाराच्या रीतींत. आपला वादक मांडी घालून बसतो व वाद्याचें टोंक पायावर टेकवितो, म्हणून त्याचा डावा हात मींडेसाठीं मोकळा राहतो. अमेरिकन फिडलवाला उभा राहून वाजवितो, आणि त्याचें सारें लक्ष गजाच्या ठेक्याकडे असतें. कित्येक जण तारांखालची घोडी थोडी सपाट करून घेतात. त्यामुळें दोन तारांवर एकाच वेळीं गज फिरविणें सोपें जातें व एकट्या वाद्यांतून दोघांचा भरणा ऐकूं येतो.

आम्ही ज्याच्या मागावर होतों त्या वादकाचें नांव जॉनी गिंबल. शहराच्या मध्यभागीं देशी संगीताचें मोठें संग्रहालय आहे. त्यांतील वर्तुळाकार दालनांत मान्यवरांच्या मुखवट्यांचे धातूचे फलक लाविले आहेत. बहुतेक फलक गायकांचे. गिंबलचा फलक तेथें २०१८ सालीं लागला, तोहि गायक म्हणून नव्हे, तर ध्वनिमुद्रणांत व दौऱ्यांत साथ करणारे वादक यांच्यासाठीं राखलेल्या जागेवर. त्या वेळीं त्यास जाऊन तीन वर्षें झालीं होतीं. ज्यांच्या मागें तो वाजला त्या लोरेटा लिन, कॉन्वे ट्विटी, मर्ल हॅगर्ड, विली नेल्सन इत्यादिकांचीं नांवें अमेरिकेंत घरोघर ठाऊक आहेत. तेथील देशी संगीताच्या संघटनेनें उत्कृष्ट वादक म्हणून त्याचा १९७५, १९८६, १९८७, १९८९ व १९९० असा पांच वेळां गौरव केला, आणि १९९४ सालीं लोककलेचा राष्ट्रीय सन्मानहि त्यास मिळाला. इतकें असूनहि दालनांतून जाणारे बरेचसे प्रवासी त्या फलकापाशीं थांबत नव्हते. आमचा पुतण्या मात्र थांबला.

नॅशव्हिलहून पश्चिमेस निघालें कीं मेंफिसपाशीं मिसिसिपी नदी ओलांडावी लागते. तिचें तें गढूळ, विस्तीर्ण पात्र पाहून सौभाग्यवतींस कृष्णेच्या पुराची आठवण झाली. पुढें आर्कान्सा संस्थानांतील सपाट शेतें, मग पाइन वृक्षांची गर्दी, आणि टेक्सार्कानापाशीं टेक्सासची हद्द. या सहाशें मैलांच्या वाटेवर मोटारींत आम्हीं गिंबलच्या स्वतःच्या नांवावर निघालेल्या मुद्रिका ऐकल्या. १९७४ सालची 'फिडलिन अराउंड' व १९८८ सालची 'स्टिल फिडलिन अराउंड' या दोहोंचीं नांवेंच मोठीं बोलकीं आहेत: 'फिडलचा चाळा' आणि 'अजून तोच चाळा'. तिसरी २०१० सालची, तिच्या नांवांतच स्नेह्यांसह उत्सव असल्याचें म्हटलें आहे. त्या वर्षीं त्यास चौऱ्यांशीं वर्षें पुरीं झालीं.

ज्यानें जन्मभर दुसऱ्याच्या गाण्यांत दोन ओळींपुरतें बोलावें, त्यास स्वतःची मुद्रिका मिळाली तर तो काय करील? आमची अपेक्षा अशी होती कीं कोंडलेलें पाणी धरणाचें दार उघडतांच जसें धांवतें, तसा त्याचा गज आतां कोणासहि थांबूं देणार नाहीं. प्रत्यक्षांत निराळेंच ऐकूं आलें. चीज फिडलवर सुरू होते, एक आवर्तन पुरें होतें, आणि गिंबल बाजूस सरतो. मग पियानो येतो, गिटार येते, आणि त्या वेळीं त्याचें फिडल मागें राहून त्यांस नुसता आधार देतें. स्नेह्यांसह केलेल्या मुद्रिकेंत तर नेल्सन व हॅगर्ड यांसारखे नामांकित गायक त्याच्या घरीं पाहुणे आल्यासारखे येतात, आणि घरचा धनी पुन्हा साथीस उभा राहतो. त्यानें स्वतः बांधलेल्या चिजांपैकीं 'गार्डेनिया वॉल्ट्झ' ही फिडलवाल्यांमध्यें फार प्रिय आहे. गार्डेनिया म्हणजे आपला अनंत. तीन मात्रांचा तो संथ झोंका ऐकतांना परसांतल्या अनंताच्या पांढऱ्या फुलाची आठवण होते.

टेक्सार्काना सोडल्यावर पुतण्या एकाएकीं म्हणाला, "काका, याचें एक लक्षांत आलें का? समोरचा बोलायला लागला कीं याचा गज हलका होतो. थांबत नाहीं, हलका होतो." आम्ही "हूं" म्हणालों. अधिक बोलणें त्या वेळीं उचित नव्हतें.

टायलर हें पूर्व टेक्सासमधील गांव गुलाबांसाठीं प्रसिद्ध आहे. १९३३ पासून तेथें गुलाबांचा उत्सव भरतो, आणि १९५२ सालीं उघडलेली नगरपालिकेची गुलाबाची बाग अजून पाहण्यासारखी आहे. या गांवाच्या परिसरांत ३० मे १९२६ रोजीं गिंबलचा जन्म झाला. बाराव्या वर्षापासून तो भावांबरोबर वाजवूं लागला. त्या भावांच्या ताफ्याचें नांवहि 'रोझ सिटी स्विंगस्टर्स', म्हणजे गुलाबनगरीचे! कुमारवयांतच लुइझियानाच्या गव्हर्नरपदाचे उमेदवार जिमी डेव्हिस यांच्या प्रचारांत तो वाजविण्यास गेला. हे उमेदवार स्वतः नामांकित गायक होते व १९४४ सालीं निवडूनहि आले. फिडलवाल्यास पीठ विकणारांपासून मतें मागणारांपर्यंत सर्वांकडे काम मिळे, असा तो काळ होता.

पिठाचा उल्लेख सहज केलेला नाहीं. टेक्सासच्या या संगीताचा मूळपुरुष बॉब विल्स. तो १९०५ सालीं जन्मला. त्याच्या घराण्यांत फिडल पिढीजात होतें. कापसाच्या शेतांत कृष्णवर्णीय मजुरांबरोबर काम करतां करतां त्यांचीं दुःखाचीं गाणीं त्याच्या कानीं पडलीं, आणि तींहि त्यानें आपल्या गजांत घेतलीं. तरुणपणीं त्यानें न्हाव्याचा धंदा केला. १९३१ सालीं फोर्ट वर्थच्या एका पिठाच्या गिरणीनें आपल्या मालाची जाहिरात करण्यासाठीं त्याच्या ताफ्यास नभोवाणीवर बसविलें, आणि तेथून त्याचें नांव झालें. गांवच्या नाचाच्या गती, जॅझ व ब्लूज यांच्या मिश्रणांतून जो ढंग तयार झाला त्यास 'वेस्टर्न स्विंग' म्हणतात.

या विल्सची एक रीत आम्हांस विशेष वाटली. गाणें चालू असतां ज्या वादकाची पाळी येई त्याचें नांव तो मोठ्यानें पुकारी. ही पुकार त्याच्या मुद्रिकांतहि जशीच्या तशी उमटली आहे. कागदावर नांव नसलें तरी गाण्याच्या पोटांत तें कायमचें राहिलें. १९४९ सालीं गिंबल या ताफ्यांत शिरला तो अशा यजमानाच्या हाताखालीं. साथीदाराचा मान राखण्याची शाळा त्यास कोठें मिळाली, याचा उलगडा येथें होतो.

याच ताफ्यांत त्याचीं दोन आवडतीं वाद्यें लोकांच्या डोळ्यांत भरलीं. पहिलें, पांच तारांचें फिडल. व्हायोलिनच्या चार तारा एकमेकींपासून पंचमाच्या अंतरावर लावितात. गिंबलनें त्यांच्या खालीं आणखी एक खर्जाची तार घेतली. त्यामुळें एकाच वाद्यांत व्हायोलिनचा टीपेचा सूर व त्याहून मोठ्या व्हायोलाचा घुमारा हे दोन्ही आले, आणि भारदस्त गळ्याच्या पुरुषगायकाच्या खालून आधार देण्याची सोय झाली. दुसरें वाद्य विजेवर चालणारें मेंडोलिन. त्याच्या तारा व्हायोलिनप्रमाणेंच लावितात, म्हणून डाव्या हाताचीं बोटें तींच. उजव्या हातांत मात्र गजाऐवजीं नखी. दोन्ही वाद्यांची निवड पाहिली तर तींत दिखाऊपणा नाहीं. ताफ्यांत जें कमी पडे तें भरून काढण्याची दृष्टि तींत आहे.

टायलरहून आम्ही वेको येथें आलों. ब्रॅझॉस नदीवर १८७० सालीं बांधलेला झुलता पूल हें या गांवाचें भूषण. गिंबल येथें बरींच वर्षें राहिला, आणि गुरु विल्सप्रमाणें त्यानेंहि न्हाव्याची कात्री हातीं धरली. उदरनिर्वाहासाठीं हजामत व मन राखण्यासाठीं फिडल, असा संसार करून चाळिशी ओलांडल्यावर १९६८ च्या सुमारास तो नॅशव्हिलला गेला आणि मुद्रणाच्या धंद्यांत नांवारूपास आला. दहाएक वर्षें तेथें काढून पुन्हा टेक्सासला परतला. ९ मे २०१५ रोजीं तो निवर्तला. त्याचा मुलगा डिक बास वाजवितो, नात एमिली पियानो वाजविते व गाते. घराण्याचा वारसा असा तिसऱ्या पिढींत उतरला आहे.

डॅलसमध्यें घडलेला एक प्रसंग मात्र विसरतां येत नाहीं. डिसेंबर १९७३ मध्यें बॉब विल्सच्या जुन्या गड्यांना तेथे मुद्रणासाठीं एकत्र बोलाविण्यांत आलें. त्यांत गिंबल होता. पक्षाघातानें विल्सचा हात लुळा पडला होता. चाकांच्या खुर्चींत बसून तो ऐकत होता. पहिल्या दिवसाचें काम आटोपल्यावर त्या रात्रीं त्यास पुन्हा झटका आला आणि तो शुद्धीवर आला नाहीं. मे १९७५ मध्यें त्याचा अंत झाला. दुसऱ्या दिवशीं खुर्ची रिकामी होती. तरी गड्यांनीं काम पुरें केलें, आणि 'फॉर द लास्ट टाइम' ही मुद्रिका १९७४ सालीं निघाली. ज्यानें आयुष्यभर त्यांचीं नांवें पुकारलीं त्याचें गाणें त्याच्या मागें त्यांनीं सांभाळलें. साथ या शब्दाचा याहून मोठा अर्थ आम्हांस ठाऊक नाहीं.

ऑस्टिन शहरीं 'ब्रोकन स्पोक' नांवाचें १९६४ पासून चालू असलेलें नाचघर आहे. छत ठेंगणें, दिवे मंद; शाकाहारी मनुष्यास बटाट्यावर भागवावें लागतें. तेथें एका रात्रीं आम्ही गेलों. सत्तरीच्या पुढचीं जोडपीं आणि शाळकरी मुलें एकाच लयींत गोल फिरत होतीं. व्यासपीठावर एक अनोळखी फिडलवाला वाजवीत होता. त्याच्याकडे कोणी पाहत नव्हतें; तो मात्र नाचणारांच्या पायांकडे पाहत होता. एक वृद्ध बाई अडखळली, तेव्हां त्यानें गजाचा जोर किंचित् वाढवून सम अधिक स्पष्ट दाखविली, आणि तिचें पाऊल पुन्हा जागेवर पडलें. तिला हें कळलेंहि नसेल. फिडलवाल्याच्या साथीची पहिली शाळा ही नाचाची भुई. तेथें दुसऱ्याचें पाऊल राखावयास जो शिकला, तो पुढें मुद्रणाच्या खोलींत दुसऱ्याचा गळा राखतो. आणि स्वतःची मुद्रिका निघाली तरी ती संवय त्याच्या हातांतून जात नाहीं.

डॅलसला परतल्यावर पुतण्यानें पेटी उघडली. वर्षभरांत एक तार तुटली होती व गजाचे केस सैल पडले होते. त्यानें नवी तार चढविली, राळ लाविली, आणि प्रथम खर्जाची तार हळू छेडून पाहिली. तो स्वतंत्र वाजविणार कीं साथीस बसणार, हें आम्हीं विचारलें नाहीं. काकूस तेवढें त्यानें एखादें नाट्यपद म्हणावयास सांगितलें.

आपल्या एकत्र कुटुंबांतहि अशीं माणसें असतात. कार्य कोणाचें, नांव कोणाचें, याचा हिशेब न ठेवतां दोन ओळींमधली जागा तीं भरून काढतात, म्हणूनच घराचा सूर टिकून राहतो. बॉब विल्सचा धडा आपल्याला घेण्यासारखा आहे. अशा माणसांची पाळी येईल तेव्हां त्यांचें नांव मोठ्यानें पुकारावें, आणि तें तीं हयात असतांनाच पुकारावें.